पळता उपग्रह आणि वळणारी छत्री



16 मे 2021 च्या सकाळी मी रत्नागिरीत आमच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेकडे सरकत होते. वीज गेलेली होती आणि मोबाईलची रेंज लपंडाव खेळत होती. लॅपटॉपला बोटाएवढा एक रेडिओ ग्राहक जोडलेला होता आणि त्याला ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी सुमारे 53 सेंटीमीटर लांबीच्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवलेल्या. एवढीच सामग्री. अमेरिकेच्या नोआ मालिकेतील एक हवामान उपग्रह उत्तरेच्या क्षितिजावर आला आणि सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने चित्र उमटू लागले. आधी हिमालय, मग मध्य भारत, आणि अखेरीस तो पांढरा भोवरा. आमच्या शेजारच्या तात्यांची होडी मिरकरवाड्याच्या बंदरात बांधलेली होती. त्यांनी विचारले, "सर, अजून किती लांब आहे ते?" चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे 4 किलोमीटर. ठिपके मोजून मी अंदाज सांगितला. होडीचे काय करायचे ते अर्थातच हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून आधीच ठरले होते आणि तसेच ठरवायला हवे. पण डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाकडून, कोणाच्याही मध्यस्थीशिवाय, वीज नसताना ते चित्र आम्ही आमच्या हाताने उतरवून घेतले, ही गोष्ट तात्या अजून सांगतात.

आज त्या कांड्यांना नोआचा आवाज ऐकू येत नाही. 1998 पासून फिरत असलेला नोआ-15, 2005 चा नोआ-18 आणि 2009 चा नोआ-19 हे तिन्ही उपग्रह 2025 साली जून ते ऑगस्ट या काळात कायमचे बंद करण्यात आले. 1963 च्या डिसेंबरात टायरॉस-8 या उपग्रहाने सुरू केलेली, साध्या ग्राहकावर चित्र पाठवण्याची ती जुनी पद्धत त्यांच्याबरोबर संपली. रशियाच्या मेटेओर उपग्रहांचे चित्र त्या कांड्यांवर अजून मिळते, पण ते निवडक आणि दाबून लहान केलेले. उपग्रहाला दिसते ते सगळेच्या सगळे हवे असेल, तर कांड्या बाजूला ठेवून छत्री उघडावी लागते. आमच्याकडे डिश अँटेनाला लोक छत्रीच म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो. फक्त ही छत्री उलटी धरायची असते, पाऊस अडवायला नव्हे तर झेलायला.

छत्री कशासाठी?

उपग्रह दोन वाटांनी बोलतो असे समजा. एक वाट 137 मेगाहर्ट्झची, दुसरी 1700 मेगाहर्ट्झची. पहिल्या वाटेने मेटेओर सेकंदाला 72 हजार बिट पाठवतो, तर दुसऱ्या वाटेने सुमारे 6 लाख 65 हजार. म्हणजे माहिती नऊपट. शक्ती तेवढीच ठेवून नऊपट बोलायचे म्हणजे प्रत्येक बिटाच्या वाट्याला नवव्या हिश्शाची ऊर्जा येणार. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 137 मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी 2.19 मीटर असते, तर 1700 मेगाहर्ट्झची अवघी 17.6 सेंटीमीटर. (प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर धरून हे आकडे स्वतः काढून पाहा.) तरंगलांबी लहान झाली की कांडीही त्या प्रमाणात लहान करावी लागते, आणि कांडी लहान झाली की तिची झोळी लहान होते. झोळी म्हणजे येणाऱ्या लहरींपैकी किती क्षेत्रफळावरची ऊर्जा ती गोळा करते ते माप. हे क्षेत्रफळ तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वरच्या दोन वाटांत फरक बारापट नाही, तर सुमारे 155 पट! 1700 मेगाहर्ट्झला साध्या दोन कांड्यांची झोळी जेमतेम 40 चौरस सेंटीमीटर, पोस्टकार्डाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते. एवढ्याशा झोळीत 800 किलोमीटरवरून येणारे सहा लाख बिट मावणार कसे?

येथे छत्री कामाला येते. एक मीटर व्यासाच्या छत्रीचे क्षेत्रफळ 7,850 चौरस सेंटीमीटर. कडा, सांधे आणि इतर गळती धरून त्यातले निम्म्याहून थोडे अधिकच उपयोगी पडते. तरी कांड्यांच्या शंभरपट झोळी झाली. छत्रीचा आकार अन्वस्ताचा असतो. दुरून येणारे समांतर किरण तिच्या कोणत्याही भागावर आदळले तरी परावर्तित होऊन एकाच नाभीत पोहोचतात, आणि सगळ्यांनी चाललेले अंतर सारखेच असल्यामुळे लहरी एकमेकींना मारत नाहीत, भर घालतात. मोटारीच्या दिव्यात हेच उलट्या दिशेने घडते.

पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा का? मुळीच नको. खड्डे तरंगलांबीच्या सोळाव्या भागापेक्षा, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 11 मिलिमीटरपेक्षा, उथळ असले की झाले. आणि पत्रा अखंडही नको, जाळी चालते. भोके तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान असली की लहरीला ती भिंतच वाटते. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात आपल्या देशात साइट नावाचा प्रयोग झाला. एटीएस-6 या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांना थेट दूरदर्शन दाखवले गेले. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) त्या खेड्यांतील तीन मीटर व्यासाच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या! कारण त्या लहरींची तरंगलांबी 35 सेंटीमीटर होती. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस छत्र्या तुम्ही सहलीत पाहिल्या असतील. त्याही जाळीच्याच आहेत, म्हणून वारा त्यांतून आरपार जातो.

नाभीपाशी लहर टिपण्यासाठी आम्ही तांब्याच्या तारेचे मळसूत्र बसवतो. त्याच्या एका वेढ्याचा परीघ एक तरंगलांबीइतका, म्हणजे 17.6 सेंटीमीटर, आणि दोन वेढ्यांतले अंतर त्याच्या चौथ्या हिश्शाइतके. येथे मी स्वतः तोंडघशी पडलो तो किस्सा सांगतो. या उपग्रहांची लहर उजव्या हाताच्या मळसुत्राप्रमाणे पीळ घेत येते, म्हणून मी तारही उजव्या पिळाची गुंडाळली. तीन दिवस काही म्हणजे काही ऐकू येईना. चूक अकरावीच्या एका मुलीने पकडली. ती म्हणाली, "सर, आरशात उजवा हात डावा दिसतो ना?" छत्री हा आरसाच! परावर्तनानंतर लहरीचा पीळ उलटतो, म्हणून नाभीतले मळसूत्र डाव्या पिळाचे हवे. उलट्या पिळाच्या तारेला शंभरावा हिस्साही मिळाला तर नशीब. एक स्क्रू आरशासमोर धरा आणि आटे कोणत्या बाजूने चढतात ते पाहा, म्हणजे माझ्यासारखे तीन दिवस वाया जाणार नाहीत.

मळसुत्राला लागूनच एक लहानसा वर्धक बसवावा. तो खाली खोलीत, दहा-पंधरा मीटर साध्या केबलच्या टोकाला ठेवला, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेक संदेश केबलमध्ये जिरून जातो.

मोठ्या छत्रीची किंमत

मग छत्री जितकी मोठी तितके चांगले, नाही का? संदेश वाढतो हे खरे. पण निसर्ग फुकट काही देत नाही. छत्री मोठी केली की तिची नजर अरुंद होते. या नजरेला आपण झोत म्हणू. झोताची रुंदी अंशांत काढायची तर तरंगलांबीला व्यासाने भागून 70 ने गुणायचे. 1700 मेगाहर्ट्झला एक मीटरच्या छत्रीचा झोत सुमारे 12 अंश येतो, तर दोन मीटरच्या छत्रीचा 6 अंश. हात लांब करून मूठ आकाशाकडे धरा. ती सुमारे 10 अंश जागा व्यापते. म्हणजे एक मीटरची छत्री एका वेळी मुठीहून जराशा मोठ्या तुकड्याकडेच पाहते. झोताच्या मध्यापासून उपग्रह 6 अंश सरकला की संदेश निम्मा होतो. 3 अंशच सरकला तर मात्र सहावा हिस्साच घटतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

घरच्या दूरदर्शनची छत्री एकदा भिंतीवर बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो आकाशात खिळल्यासारखा असतो. आपले हवामान उपग्रह मात्र ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, सुमारे 820 किलोमीटर उंचीवर, सेकंदाला 7.4 किलोमीटर वेगाने पळतात. एक प्रदक्षिणा 101 मिनिटांची, आणि तुमच्या आकाशात ते फार तर पंधरा मिनिटे.

हा पळ एकसारखा नसतो. क्षितिजावर उपग्रह तुमच्यापासून सुमारे 3,300 किलोमीटर दूर असतो आणि सेकंदाला केवळ 0.06 अंश सरकतो. डोक्यावर आला की अंतर 820 किलोमीटर आणि वेग सेकंदाला अर्धा अंश, सुमारे नऊपट. आगगाडी लांबून संथ येते आणि फलाटावरून धाडकन निघून जाते, तसेच. क्षितिजावर तो जवळजवळ जागच्या जागी असतो, पण संदेश सोळापट क्षीण. डोक्यावर संदेश दणदणीत, पण छत्री झपझप वळवावी लागते. खोडदच्या छत्र्या तारे आणि दीर्घिका पाहतात. त्या तासाला 15 अंश सरकतात. आपला उपग्रह डोक्यावर असताना त्याच्या सुमारे 120 पट वेगाने धावतो. म्हणून 45 मीटरच्या दुर्बिणीची हेवा वाटावी अशी अचूकता आपल्याला नको असली, तरी चपळाई मात्र तिच्याहून जास्त हवी.

आरंभी आम्ही हातानेच छत्री वळवली. एक मुलगा छत्री छातीशी धरून उभा, दुसरा पडद्यावरच्या आलेखाकडे पाहत ओरडतो, "डावीकडे! वर! थोडी वर!" 12 अंशांच्या झोतात हे जमते, आणि मी प्रत्येक शाळेला आधी हेच करायला सांगेन. उपग्रह आकाशातून कसा जातो हे हातांना एकदा कळले की फळ्यावरची कक्षा कधी विसरत नाही. दूरदर्शनची टाकून दिलेली छत्री वापरणार असाल तर एक सूचना. तिची नाभी मध्यावर नसून खाली एका बाजूला असते, म्हणून ती दिसते त्या दिशेला पाहत नाही, त्याहून वीस-पंचवीस अंश वर पाहते. क्षितिजावरचा उपग्रह पकडताना ती पुढे वाकून जमिनीकडे पाहत असल्यासारखी धरावी लागते. पाहणाऱ्यांना आपण वेडे वाटतो, पण इलाज नाही.

वळवणारे यंत्र

पंधरा मिनिटे छत्री धरून हात भरून येतात आणि चित्रात जागोजागी काळ्या रेघा उमटतात. म्हणून रोटेटर, म्हणजे वळवणारे यंत्र हवे. आकाशातील कोणतीही जागा दोन कोनांनी सांगता येते. उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला दिगंश आणि क्षितिजापासून वर मोजलेला उन्नतांश. म्हणून रोटेटरला दोन मोटरी असतात. एक छत्री गरागरा फिरवते, दुसरी वर-खाली करते.

आम्ही मोटारीच्या काचेवरील वायपरच्या दोन जुन्या मोटरी वापरल्या. त्यांच्यात मळसुत्री दात्यांचे चाक असते. मोटर चाकाला फिरवते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. हा गुण आपल्याला सोन्यासारखा आहे, कारण वारा. ताशी 54 किलोमीटर वेगाचा वारा एक मीटरच्या भरीव छत्रीवर समोरून आला तर सुमारे 14 किलो वजनाइतका जोर देतो. साध्या दात्यांची मोटर अशा वेळी उलटी फिरते आणि छत्री वाऱ्याबरोबर तोंड फिरवून बसते. उन्नतांशाच्या आसाला मागच्या बाजूने वजन लावून तोलही साधावा, नाहीतर मोटरची अर्धी ताकद छत्री उचलण्यातच जाते. ज्यांना नकाशे तयार हवे असतील त्यांच्यासाठी, अथेन्समधील हौशी मंडळींनी 2014 साली सुरू केलेल्या सॅटनॉग्ज या प्रकल्पाचे रोटेटरचे आराखडे सर्वांना खुले आहेत.

उपग्रह कोठे आहे हे संगणक सांगतो. कक्षेचे आकडे प्रसिद्ध होत असतात. ते घेऊन जीप्रेडिक्टसारखी मोफत प्रणाली दर सेकंदाचे दोन्ही कोन काढते आणि मोटरींना आज्ञा देते. आकडे ताजे हवेत आणि संगणकाचे घड्याळ बरोबर हवे. घड्याळ दहा सेकंद चुकले की उपग्रह 74 किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो, आणि डोक्यावर ही चूक 5 अंशांची होते!

उत्तर दिशा होकायंत्राने ठरवू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ही आपली चांगली सोय आहे. पण गच्चीच्या लाद्यांखाली लोखंडी सळ्या असतात आणि सुई त्यांच्याकडे ओढ घेते. आमची छत्री त्यामुळे महिनाभर चार अंश वाकडी पाहत होती. खात्रीचा साक्षीदार सूर्य. नाभी मध्यावर असलेल्या छत्रीचे तोंड सूर्याकडे करा. मळसुत्राची सावली छत्रीच्या बरोबर केंद्रावर पडली की छत्री अचूक सूर्याकडे पाहते. त्या क्षणीचे सूर्याचे दिगंश आणि उन्नतांश प्रणालीत पाहा आणि रोटेटरचे आकडे त्यांच्याशी जुळवा. फक्त छत्री चकचकीत असेल तर हे काम झटपट उरका. सूर्याची उष्णताही त्याच नाभीत गोळा होते.

एक घोटाळा मात्र सूर्यही सांगत नाही. रोटेटर एकाच दिशेने कितीही फिरू शकत नाही, कारण मग केबल खांबाला गुंडाळली जाऊन तुटेल. म्हणून कोठेतरी अडसर लागतो. आम्ही तो उत्तरेला ठेवला होता. एकदा मेटेओर दक्षिणेकडून आला, आमच्या थोडा पूर्वेकडून वर चढला आणि उत्तरेकडे उतरू लागला. चित्र असे सुरेख येत होते की मुले टाळ्या पिटण्याच्या बेतात होती. मावळायला अडीच मिनिटे उरली असताना त्याने उत्तर दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली. त्याच्या दृष्टीने एक अंशाची गोष्ट. आमच्या छत्रीला अडसर आडवा आला! ती थांबली, मागे फिरली आणि पूर्व, दक्षिण, पश्चिम असा सगळा फेरा घालून 70 सेकंदांनी पुन्हा उत्तरेला पोहोचली. तेवढ्यात उपग्रहाखालून सुमारे 460 किलोमीटर भूमी निघून गेली. त्या चित्रात काश्मीरच्या वर एक रुंद काळा पट्टा आहे. तो आम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर मुद्दाम लावून ठेवला आहे.

अडसर दक्षिणेला नेला तर? मग अशीच पंचाईत किंचित पश्चिमेकडून जाणाऱ्या फेरीच्या प्रारंभी होते. म्हणून बाजारात मिळणारे चांगले रोटेटर 360 नव्हे, 450 अंश फिरतात. एक पाव फेरा जास्तीचा. कोणत्या टोकाकडून निघावे हे फेरी सुरू होण्यापूर्वीच ठरवता येते.

डोक्यावरचा पेच

आता एक प्रश्न. कोणती फेरी सर्वांत सोपी? विद्यार्थी हमखास उत्तर देतात, "डोक्यावरून जाणारी, कारण उपग्रह जवळ असतो." रोटेटरला विचाराल तर तो नेमकी हीच फेरी सर्वांत अवघड म्हणून सांगेल.

ध्रुवावर उभे असलेल्या माणसाची कल्पना करा. तेथे चार पावलांत पृथ्वीची सगळी रेखावृत्ते ओलांडता येतात. खमध्यापाशी, म्हणजे बरोबर डोक्यावर, दिगंशाच्या रेषा अशाच एकत्र येतात. उपग्रह दक्षिणेकडून येऊन डोक्यावरून उत्तरेला गेला, की छत्रीचा दिगंश 180 वरून क्षणार्धात 0 व्हायला हवा. उपग्रहाचा खरा वेग सेकंदाला अर्धा अंशच, पण दिगंशाचा वेग काढायला त्याला उन्नतांशाच्या कोज्येने भागावे लागते. कमाल उन्नतांश 85 असेल तर सेकंदाला 6 अंश, म्हणजे मिनिटाला एक पूर्ण फेरा. 89 असेल तर सेकंदाला 30 अंश! आमचे वायपर सेकंदाला पाच अंशांवर दमतात.

परंतु गणित दोन्ही बाजूंनी लावून पाहा. रेषा इतक्या जवळ असतात म्हणूनच तेथे दिगंश चुकण्याची शिक्षाही सौम्य असते. 85 अंश उंचीवर छत्री दिगंशात तब्बल 90 अंश मागे पडली, तरी उपग्रह आणि झोताचा मध्य यांत खरे अंतर सुमारे 7 अंशच पडते. 12 अंशांच्या झोताला ही चूक काही सेकंद सोसते. चित्र थोडे खरबरीत होते, तुटत नाही. म्हणजे लहान छत्रीच्या बाबतीत हा पेच अर्धा कागदावरचाच आहे. मोठ्या झोळीच्या मोहात पडून तिसऱ्या मीटरची उडी घेणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

अरुंद झोताच्या छत्रीला मात्र युक्ती हवी. एक युक्ती सोपी आहे. उन्नतांश 90 ला न थांबवता 180 पर्यंत जाऊ द्यायचा. मग छत्री दिगंशात वळतच नाही, नुसती डोक्यावरून मागे कलंडते, कमान टाकणाऱ्या कसरतपटूसारखी. दुसरी युक्ती म्हणजे दोन्ही आस आडवे बसवायचे. त्या जोडणीत खमध्याचा पेच नाहीसा होतो आणि क्षितिजावरच्या दोन बिंदूंपाशी जाऊन बसतो. पेच नष्ट होत नाही, आपण त्याला हवे तेथे ढकलतो. दोनच आसांनी सगळे आकाश पाहायचे तर कोठेतरी तो राहणारच. ग्रोट रेबरने 1937 साली अमेरिकेत व्हीटन येथे, स्वतःच्या अंगणात साडेनऊ मीटरची छत्री बांधली, तिला तर त्याने एकच आस दिला होता. ती केवळ वर-खाली होत असे. आडवे फिरवण्याचे काम त्याने पृथ्वीवर सोपवले, कारण त्याला आकाशगंगा ऐकायची होती आणि ती कोठे पळून जाणार नव्हती.

आपल्याला मात्र ती चैन नाही, आणि दिवसेंदिवस कमीच होत जाणार. 2017 चा नोआ-20 आणि 2022 चा नोआ-21 हे उपग्रह आपली चित्रे 1700 वर नव्हे, 7800 मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवतात. तरंगलांबी चार सेंटीमीटरहूनही कमी. एक मीटरच्या छत्रीचा झोत तेथे 2.7 अंश उरतो, आणि डोक्यावरचा उपग्रह झोताच्या मध्यापासून अर्ध्या शक्तीच्या कडेपर्यंत अडीच सेकंदांत पोहोचतो. येथे हाताने छत्री धरण्याचा प्रश्नच नाही आणि दात्यांमधली एका अंशाची ढिलाईही चालणार नाही. आमची जाळीही तेथे निरुपयोगी, कारण भोके चार मिलिमीटरहून लहान हवीत.

म्हणून आम्ही भरीव छत्रीच्या शोधात आहोत. गावातल्या एका जुन्या केबलवाल्याकडे दोन मीटर व्यासाची ॲल्युमिनियमची छत्री पडून आहे. तिचा झोत 1.4 अंशाचा होईल आणि वादळी वाऱ्यात तिच्यावर 55 किलोंचा जोर येईल, तेव्हा वायपरच्या मोटरींना निरोप द्यावा लागणार. खांब किती जाडीचा हवा याचे गणित मुलांकडे दिले आहे. छत्री द्यायला तो राजी आहे, पण सध्या तिच्यात त्याच्या घरची आमसुले वाळत घातलेली आहेत. ती निघाली की घेऊन जा, म्हणाला.